संशयाचा हिशेब

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मध्यभागी, शेतीवर पोसलेले फ्रेस्नो नावाचे शहर आहे. १९५८ सालच्या सप्टेंबर महिन्यात या शहरातील सुमारे ६०,००० लोकांच्या घरी टपालाने एकेक पाकीट आले. पाकिटात बँक ऑफ अमेरिका या बँकेने पाठविलेले एक लहानसे कार्ड होते. ते कोणी मागितले नव्हते, त्यासाठी कोणी अर्ज केला नव्हता. दुकानदारापुढे कार्ड ठेवावे, माल उचलावा आणि पैसे मागाहून बँकेला द्यावेत, असा तो सुटसुटीत व्यवहार होता. पाठोपाठ राज्यातील इतर शहरांतही कार्डे वाटली गेली. शेकडा ४ लोक पैसे थकवतील, असा योजनेच्या प्रवर्तकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात हे प्रमाण २२ वर गेले. टपालातून कार्डे चोरीला गेली, खोटी कार्डे निघाली, आणि लॉस एंजेलिससारख्या महानगरात तर चोरीच्या कार्डांचा एक बाजारच उभा राहिला. पहिल्या सुमारे पंधरा महिन्यांत बँकेने मान्य केलेला तोटाच ८८ लाख डॉलरांचा होता. योजनेचे जनक जोसेफ विल्यम्स बँकेतून बाहेर पडले. योजना मात्र टिकली, आणि पुढे १९७६ साली तिलाच ‘व्हिसा’ हे नाव मिळाले.

ही फजिती समजून घ्यायची तर त्याआधीच्या पतव्यवहाराकडे पाहावे लागते. भारतातील सराफांची हुंडी शेकडो कोसांवर पैसे पोहोचवीत असे. हुंडीत रक्कम एकदाच लिहून कोणी थांबत नसे. निम्मे इतके आणि त्याची दुप्पट पुरे इतके, अशी तिची भाषा असे. म्हणजे कोणी आकड्यावर शून्य चढवले, तरी निम्म्याचा हिशेब त्याला खोटे पाडी. हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’ निघे, तीही हरवली तर ‘परपेठ’. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारातील एखाद्या प्रतिष्ठित शहाच्याच हाती पडत. पण या साऱ्या युक्त्यांहून मोठे संरक्षण निराळेच होते. हुंडी लिहिणारा आणि ती वटवणारा हे एकमेकांना, निदान एकमेकांच्या अक्षराला आणि आडतीला, ओळखत असत. कार्डाने ही ओळखच व्यवहारातून काढून टाकली. अनोळखी गिऱ्हाइकाने अनोळखी दुकानात, कोणाचीही शिफारस न आणता, उधारीवर माल घ्यावा, यातच कार्डाची सारी सोय होती. आणि साहजिकच सारा धोकाही तेथेच होता.

गेलेली ओळख परत आणण्याचे पहिले उपाय अगदीच बाळबोध होते. हरवलेल्या आणि चोरीला गेलेल्या कार्डांच्या क्रमांकांची बारीक अक्षरांत छापलेली यादी दुकानदारांकडे ठरावीक मुदतीने येई. गल्ल्यावरच्या माणसाने गिऱ्हाइकाला उभे ठेवून त्या यादीत क्रमांक शोधावा, अशी अपेक्षा होती. गर्दीच्या वेळी ती कोण पाळणार? शिवाय यादी छापून हाती पडेपर्यंत चोराचे काम उरकलेले असे. ठरावीक रकमेपेक्षा मोठी खरेदी असेल तर बँकेला दूरध्वनी करून मंजुरी घ्यावी, असाही नियम होता. त्याचा परिणाम एवढाच झाला, की चोर त्या रकमेच्या खाली राहून दहा दुकाने फिरू लागले. १९७३ साली कार्डसंस्थेने मंजुरीसाठी संगणकाची देशव्यापी यंत्रणा उभारली, कार्डाच्या पाठीवर चुंबकीय पट्टी आली, आणि मिनिटांचे काम सेकंदांवर आले. तरीही यंत्राला दोनच प्रश्न विचारता येत होते. हे कार्ड हरवल्याची नोंद आहे काय, आणि याची मर्यादा संपली आहे काय? कार्ड चोरीला गेल्याचे मालकालाच ठाऊक नसेल, तर या दोन्ही प्रश्नांची उत्तरे चोराला अनुकूल अशीच मिळत.

या इतिहासाला खरी कलाटणी कोणत्या यंत्राने दिली नाही, ती एका कायद्याने दिली. ऑक्टोबर १९७० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने दोन गोष्टी ठरविल्या. न मागता कार्ड पाठविण्यास बंदी घातली. आणि कार्डाचा दुसऱ्याने गैरवापर केला तर कार्डधारकावर ५० डॉलरांपलीकडे जबाबदारी पडणार नाही, असा दंडक घातला. बाकीचे नुकसान व्यवसायाने सोसायचे. १९८० साली न्यूयॉर्कमधील एका न्यायालयापुढे याच स्वरूपाचा, पण रोकड यंत्राविषयीचा, वाद आला. खात्यातून पैसे गेले त्या वेळी आपण नोकरीच्या ठिकाणी होतो, असे खातेदार स्त्रीचे म्हणणे होते. बँकेने आपल्या संगणकाची नोंद पुढे केली. न्यायालयाने स्त्रीवर विश्वास ठेवला. ज्याच्या खिशाला झळ लागते तोच उपाय शोधतो. अमेरिकन बँकांनी पुढे लबाडी हुडकण्यावर जे परिश्रम घेतले ते लोककल्याणाच्या ओढीने घेतले, असे समजण्याचे काही कारण नाही.

समुद्रापलीकडे इंग्लंडमध्ये याच्या उलट घडत होते. तेथील बँका दीर्घकाळ असे सांगत, की आमची यंत्रणा चुकूच शकत नाही. तेव्हा पैसे गेले असतील तर ते खातेदारानेच काढले असले पाहिजेत. पूर्व इंग्लंडमधील एका पोलीस शिपायाने १९९२ साली आपल्या खात्यातून आपण न काढलेले पैसे गेल्याची तक्रार केली. ज्या संस्थेत पैसे होते तिने उलट त्याच्यावरच बालंट आणले, आणि १९९४ मध्ये लबाडीने पैसे उकळण्याच्या प्रयत्नाबद्दल त्याला दोषी ठरविण्यात आले. अपिलाच्या वेळी बचावपक्षाच्या तज्ज्ञांना त्या निर्दोष म्हणविल्या जाणाऱ्या यंत्रणेची पाहणी करू देण्यास संस्थेने नकार दिला. तेव्हा न्यायालयाने तिचा पुरावा ग्राह्य धरला नाही, आणि १९९६ साली शिपाई सुटला. मधली चार वर्षे त्याला कोणी परत दिली नाहीत. केंब्रिजचे संगणकशास्त्रज्ञ रॉस अँडरसन यांनी १९९३ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात दोन्ही देशांची तुलना करून दाखविले, की नुकसान ज्यांना सोसावे लागत नव्हते त्या बँकांची व्यवस्थाच अधिक ढिली राहिली होती.

आता यंत्राकडे वळावे. योगायोग असा, की फ्रेस्नोच्या टपालपेट्यांत कार्डे पडण्याच्या दोनच महिने आधी, जुलै १९५८ मध्ये, फ्रँक रोझेनब्लॅट या मानसशास्त्रज्ञाने ‘पर्सेप्ट्रॉन’ नावाची आपली कल्पना संगणकावर प्रत्यक्ष चालवून दाखविली होती. मेंदूतील मज्जातंतूंच्या जाळ्याचे ते अगदी ढोबळ अनुकरण होते. त्याचे तत्त्व सांगायला अवघड नाही. समोर आलेल्या वस्तूची अनेक लक्षणे घ्यावीत. प्रत्येक लक्षणाला काही वजन द्यावे. वजनांची बेरीज करून निर्णय द्यावा. आणि निर्णय चुकला तर वजने किंचित बदलावीत. असे सहस्रावधी वेळा केले म्हणजे यंत्र, कोणी नियम न सांगता, उदाहरणांवरूनच पारख शिकते. सराफाकडे उमेदवारी करणारा मुलगा खोटे नाणे ओळखायला शिकतो तो पुस्तक वाचून नव्हे, नाणी हाताळून आणि मालकाची बोलणी खाऊन. यंत्रशिक्षण म्हणतात ते मुळात एवढेच. मध्यंतरी ही कल्पना मागे पडली होती. एकापुढे एक असे अनेक थर असलेल्या जाळ्यांना शिकविण्याची रीत १९८६ च्या सुमारास रुळली, तेव्हा तिला नवे दिवस आले.

तोवर बँका नियमांवर विसंबून होत्या. एका तासात दोन दूरच्या शहरांत कार्ड वापरले गेले तर संशय घ्यावा. पेट्रोल पंपावर थोडीशी खरेदी होऊन लगेच जडजवाहीर घेतले तर संशय घ्यावा. या दुसऱ्या नियमामागे चोरांची एक जुनी सवय होती. जेथे माणूस समोर नसतो अशा पंपावर ते कार्ड चालते की नाही याची चाचणी घेत, आणि मग खरे काम करीत. नियम खोटे नव्हते, पण ते जाडेभरडे होते. आणि एकदा ते चोरांना उमगले की निरुपयोगी ठरत. सुष्मितो घोष आणि डग्लस रायली या दोघांनी अमेरिकेतील मेलन बँकेच्या व्यवहारांवर शिकविलेले जाळे पुढच्या दोन महिन्यांच्या व्यवहारांवर तपासून पाहिले, आणि त्याचा वृत्तान्त १९९४ साली प्रसिद्ध केला. जुन्या नियमांच्या मानाने या जाळ्याने कितीतरी पट अधिक चोरीची खाती ओळखली, हे तर झालेच. पण त्या वृत्तान्तातील अधिक महत्त्वाचे वाक्य दुसरे आहे: ज्या भल्या माणसांवर नाहक संशय येत होता, त्यांची संख्या वीस पटींनी घटली.

त्याच सुमारास, १९९२ मध्ये, सॅन दिएगो येथील एचएनसी या कंपनीने ‘फाल्कन’, म्हणजे ससाणा, नावाची प्रणाली बाजारात आणली. रॉबर्ट हेक्ट-नील्सन हे तिचे एक संस्थापक. प्रत्येक व्यवहाराला १ ते ९९९ यांमधील एक अंक द्यायचा. अंक जितका मोठा तितका संशय अधिक, अशी तिची पद्धत. तिची खरी करामत मात्र त्या अंकात नव्हती. प्रत्येक कार्डधारकाच्या सवयींचे एक संक्षिप्त टिपण ती जवळ ठेवी, आणि प्रत्येक खरेदीनंतर ते थोडे थोडे बदलीत जाई. हा माणूस रविवारी किती खर्च करतो, परगावी जातो काय, रात्री उशिरा खरेदी करतो काय, अशा गोष्टी त्या टिपणात उतरत. म्हणजे फ्रेस्नोत जी ओळख हरवली होती, ती आता यंत्राच्या रूपाने परत आली. गावचा वाणी गिऱ्हाइकाला चेहऱ्याने ओळखत असे. हे यंत्र त्याला त्याच्या वागण्यावरून ओळखू लागले. ही ओळख कोणाला सुखावह वाटेल, कोणाला अंगावर काटा आणणारी. अनेक बँकांनी आपापली माहिती एकत्र करून त्या यंत्राला शिकविले, त्यामुळे एका बँकेला पडलेला घाव दुसरीला शहाणपण देऊन गेला.

येथे थोडे अंकगणित करणे भाग आहे, कारण या विषयाचे सारे मर्म त्यात आहे. ब्रुसेल्स येथील मुक्त विद्यापीठाच्या संशोधकांनी सप्टेंबर २०१३ मधील दोन दिवसांचे युरोपीय कार्डव्यवहार, नावनिशाणी पुसून, अभ्यासकांना खुले केले. एकूण व्यवहार २,८४,८०७. त्यांतील लबाडीचे फक्त ४९२. म्हणजे एखादे यंत्र डोळे मिटून प्रत्येकाला सज्जन ठरवीत बसले, तरी त्याचा निर्णय शंभरात ९९.८ वेळा बरोबर येईल, आणि एकही चोर सापडणार नाही. तेव्हा यंत्र शेकडा नव्याण्णव बरोबर आहे, अशी जाहिरात कोणी केली तर तिच्यावर भाळू नये.

आता याच प्रमाणात एक लाख व्यवहार घ्या. लबाडीचे १७२, सरळ ९९,८२८. समजा, यंत्र इतके कुशल आहे की शंभरातले नव्वद चोर ते ओळखते, आणि शंभर सज्जनांतल्या एकावरच चुकून बोट ठेवते. हिशेब मांडला तर चोर सापडतील १५५, पण नाहक संशयाचे धनी होतील ९९८. ज्या साडेसात माणसांना अडवले, त्यांतला खरा चोर एकच! सज्जनांची संख्याच अफाट असल्यामुळे अत्यल्प चूकही त्यांच्या वाट्याला फार मोठी होऊन येते. परगावी रुग्णालयात पैसे भरताना, किंवा लग्नाच्या बस्त्याचा हिशेब चुकता करताना, दहा माणसांसमोर कार्ड नाकारले जाते. नेमके अशाच वेळी माणसाचे वागणे नेहमीपेक्षा निराळे असते, आणि निराळेपणा हीच तर यंत्राची संशयाची खूण. म्हणून संशयाची रेघ कोठे ओढावी, हे यंत्र सांगू शकत नाही. सुटलेल्या चोरामुळे बँकेचे किती बुडाले हे वहीत दिसते. अडवलेल्या सज्जनाच्या मनस्तापाचे खाते कोणत्याच वहीत नसते. रेघ ओढणारा मात्र ती वहीकडे पाहूनच ओढणार.

दुसरी एक अडचण याहून सूक्ष्म आहे. जो व्यवहार यंत्राने अडवला आणि कोणी चौकशीही केली नाही, तो खरोखर लबाडीचा होता की नाही, हे कधीच कळत नाही. जो सोडून दिला, त्याची तक्रार येते ती कित्येक दिवसांनी किंवा आठवड्यांनी. म्हणजे या उमेदवाराला मालकाची बोलणी एकतर उशिरा मिळतात, नाहीतर मिळतच नाहीत. शिवाय खोटे नाणे पाडणाऱ्याप्रमाणेच कार्डचोरही रोज शिकत असतो. काल शिकलेली पारख आज अपुरी पडते, आणि सणासुदीच्या खरेदीत तर सज्जनच चोरासारखे वागू लागतात.

चोर एका दाराशी अडला की तो दुसऱ्या दाराकडे जातो, ही गोष्ट ब्रिटनमध्ये स्पष्ट दिसली. १४ फेब्रुवारी २००६ पासून तेथे कार्डातील चीप आणि गुप्त अंक यांचा वापर सक्तीचा झाला. दुकानातील समोरासमोरची लबाडी कमी झाली. पण दूरध्वनीवरून आणि इंटरनेटवरून, कार्ड न दाखविता होणाऱ्या खरेदीतील लबाडी वाढत गेली, आणि २००८ साली ब्रिटिश कार्डांवरील एकूण नुकसान सुमारे ६१ कोटी पौंडांवर पोहोचले. भारतात सेंट्रल बँकेने १९८० साली क्रेडिट कार्ड आणले, तरी त्याचा प्रसार सावकाश झाला. त्यामुळे दुसऱ्यांच्या अनुभवातून शिकण्यास येथे अवसर मिळाला. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील कार्डव्यवहाराला आणखी एक खूण पटविणे बंधनकारक केले. यंत्राने संशय आला तरच विचारावे, ही अमेरिकेची रीत. भारताने प्रत्येकालाच प्रत्येक वेळी विचारण्याचे ठरविले. त्यात सज्जनाचा वेळ गेला, पण अपमान टळला. संशय सर्वांवर सारखाच असला म्हणजे तो कोणाला टोचत नाही.

अर्थात पहारेकऱ्यालाच बाजूला सारले तर पारख काय कामाची? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेत तसे घडले. कार्डाची मागणी तपासून मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी आपलीच एक बनावट यंत्रणा बसविली. ११ ऑगस्टला, शनिवारी, नकली कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील रोकड यंत्रांतून पैसे निघत गेले आणि ती बनावट यंत्रणा प्रत्येक मागणीला होकार देत राहिली. बँकेच्या मूळ हिशेबापर्यंत प्रश्न पोहोचलाच नाही. सोमवारी आणखी एक रक्कम हाँगकाँगला गेली. सारे मिळून ९४ कोटी रुपये. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले. पण ते बहुतांशी यंत्रासमोर उभे राहून नोटा काढणारे होते.

भारतातील जबाबदारीचा प्रश्न रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये हाती घेतला. बँकेची चूक नाही, खातेदाराचीही नाही, अशी लबाडी त्याने तीन कामाच्या दिवसांत कळविली तर त्याच्यावर काहीच भार नाही. आणि दोष खातेदाराचा आहे हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर, असा तिचा आदेश होता. इंग्लंडमधील त्या शिपायाला जे मिळायला हवे होते, ते येथे लेखी उतरले. परंतु तोवर लबाडीचे रूपच पालटले होते. २०१६ साली यूपीआयची सोय आली आणि हातातला फोन हेच पाकीट झाले. आता कार्ड चोरण्याची, खूण खोटी करण्याची गरज उरली नाही. घाबरवून, आमिष दाखवून, पोलीस अधिकारी असल्याची बतावणी करून, खातेदाराकडूनच पैसे पाठवून घेता येऊ लागले. फोन त्याचाच, अंक त्याचाच, बोटही त्याचेच. पाठविणाऱ्याचे वागणे तपासणारे यंत्र येथे हताश होते. मग नजर पैसे घेणाऱ्याकडे वळवावी लागली.

लुटीचा पैसा जातो तो भाड्याच्या खात्यांत. थोड्या पैशांसाठी आपले खाते दुसऱ्याला वापरू देणारा एखादा विद्यार्थी किंवा मजूर त्याचा नावापुरता मालक असतो. तेथून तो पैसा काही मिनिटांत अनेक खात्यांत फुटतो, आणि फुटता फुटता एखाद्या चहावाल्याच्या किंवा कापडदुकानदाराच्या खात्यातही त्यातले काहीशे रुपये, खऱ्याखुऱ्या मालाची किंमत म्हणून, येऊन पडतात. अशा माणसांची संपूर्ण खाती, दूरच्या राज्यातील पोलिसांच्या पत्रावरून, गोठविली जाऊ लागली. केरळमधील खातेदार उच्च न्यायालयात गेले, आणि २०२३ साली न्यायालयाने सांगितले, की संशयित रक्कम जेवढी असेल तेवढीच अडवावी, सबंध खाते नव्हे. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०२४ मध्ये, रिझर्व्ह बँकेने आपल्या नवप्रवर्तन केंद्राने बनविलेल्या ‘म्यूलहंटर’ या प्रणालीची घोषणा केली. भाड्याची खाती कशी वागतात हे शिकून अशी खाती हुडकणे, हे तिचे काम. फाल्कनप्रमाणे तीही वागणुकीवरूनच माणूस ओळखते. फरक असा, की फाल्कनचा संशय खरा ठरला तर कार्डाच्या मालकाचे पैसे वाचत. येथे संशय खरा ठरला तर समोर उभा राहतो तो खात्याचा मालकच, आणि तो चोराचा साथीदार आहे की चोराचेच दुसरे सावज, हे त्याच्या खात्याच्या नोंदींत लिहिलेले नसते.